मांजाची फाईल संक्रांतीनंतर बंद करू नका: नाशिकच्या एका गॅरेजवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहरात आणि जिल्ह्यात नायलॉन मांजाची बंदी राबवायची जबाबदारी ज्यांच्या ज्यांच्याकडे आहे ते सगळे अधिकारी,
आणि ज्यांच्या घरात पतंग उडवणारी पोरं आहेत ते सगळे नाशिककर

विषय: मांजाने माणूस गेला त्याचा तपास अर्ध्यात सोडल्याबद्दल, आणि पुढच्या संक्रांतीची तयारी आत्तापासून करण्याबद्दल

साहेब, नमस्कार.

यंदा संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात गोदावरीवरच्या एका पुलावर नायलॉन मांजाने गळा चिरून एक दुचाकीस्वार गेला. ही बातमी तुम्ही वाचली असेल, तुमच्या टेबलावर कागद म्हणून पण आली असेल. मी सातपूरला टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो, मी ती सकाळी शटर उघडल्यावर पेपरात वाचली, वाईट वाटलं, शेजारच्या पंक्चरवाल्याला वाचून दाखवली आणि कामाला लागलो. बातमीत नाव होतं, पण त्या नावाची माणसं नाशिकमध्ये गल्लीगल्लीत सापडतील. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कंपनीतून घरी चालले होते एवढंच पुढं लिहिलेलं.

दुपारी आमच्या गॅरेजवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. त्यात माणूस नव्हता, फक्त गाडी होती, कठड्याला लागून आडवी पडलेली ॲक्टिव्हा. कुणीतरी खाली लिहिलं होतं की हेल्मेट घातलं होतं का विचारा. मी फोटो मोठा करून बघितला कारण सवय आहे, गाडी पडली की आधी कुठं लागलंय ते बघायचं. डावा आरसा क्रोमचा आणि उजवा काळा. पुढं फुटबोर्डवर लहान पोरीसाठी बसवलेली सीट, आणि त्या सीटचा पाइप खालच्या बाजूला जरा जास्तच लांब. तो पाइप मी कापला होता. बाजारात मिळणारी तयार सीट त्या मॉडेलला नीट बसत नव्हती म्हणून मी स्वतः वेल्डिंग करून दिली होती, आणि आरसा जुन्यातला लावला होता कारण ते म्हणाले शेठ, नवीन जोडी पुढच्या पगाराला घेऊ.

तरी मी रजिस्टर काढून नंबर बघितला. जुळला.

ते मला शेठ म्हणायचे, मी त्यांना भाऊ. नाव लिहीत नाही, घरच्यांना नकोय आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पोरगी तिसरीत आहे एवढं लिहितो. रजिस्टरमध्ये त्यांच्या नंबरसमोर माझ्याच अक्षरात होतं, पुढचे मागचे ब्रेक शू नवे, हेडलाइटचा बल्ब, बेल्ट चेक, मागचं टायर नवीन. म्हणजे गाडीकडून जे जे करता येतं ते सगळं झालेलं होतं. माणूस घरी नीट पोचावा म्हणून लोक माझ्याकडे गाडी देतात, माझ्या सगळ्या धंद्याचा अर्थच तेवढा आहे. आणि तरी जो दोरा दिसतच नाही त्याच्यासाठी ब्रेक कधी दाबणार? चाळीसच्या स्पीडला गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढं जाते. आडवा आलेला नायलॉन चार हातांवर आल्यावर सुद्धा उन्हात दिसत नाही. तो आधी आरशाला किंवा मानेला लागतो, गाडी पुढं पळत असते, दोरा ताणतो, तुटत नाही, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना रक्ताच्या मोठ्या नळ्या असतात त्या अगदी वरच्यावर असतात. आणि हो, हेल्मेट होतं. पट्टा पण लावलेला होता. हेल्मेट गळा झाकत नाही, हे ग्रुपवर विचारणाऱ्यांनी एकदा स्वतःचं घालून आरशात बघावं.

आता मी हे पत्र का लिहितोय. माणूस गेला त्याचं दुःख मी घरात बसून केलं असतं, चार लोकांना जाहीर पत्र लिहायचा माझा स्वभाव नाही. पण त्यानंतर जे झालं, खरं तर जे झालंच नाही, ते बघून गप्प राहवत नाही.

गाडी काही दिवसांनी सुटली आणि भाऊंच्या मेहुण्याने टेम्पोत टाकून माझ्याकडेच आणली, म्हणाला धुऊन, नीट करून विकून टाका, ताईच्या दारात नको. धुवायला घेतली तेव्हा उजव्या आरशाच्या दांडीला खाली, जिथं नट असतो तिथं, हिरव्या दोऱ्याचा तुकडा गुंडाळलेला सापडला. चांगला वीतभर. मी हात न लावता फोटो काढले, मग पकडीने सोडवून कोऱ्या पाकिटात ठेवला, त्यावर गाडीचा नंबर लिहिला आणि चौकीत घेऊन गेलो. कुठली चौकी ते लिहीत नाही, कुणा एका हवालदारावर राग काढायचा नाहीये. तिथं सांगितलं की पंचनामा झालेला आहे, आता याची गरज नाही. मी विचारलं, कुणाचा मांजा होता ते शोधताय का? ते म्हणाले, आकाशातून आलेला दोरा, कुणाचा म्हणून शोधणार, अकस्मात मृत्यूची नोंद आहे. संक्रांत झाली, स्पेशल पथकं पण आता नाहीत, पुढच्या वर्षी बघू.

साहेब, पुढच्या वर्षी बघू हे ऐकून मी हे पत्र लिहायला घेतलं.

माझी पहिली तक्रार तीच आहे. ज्या वस्तूवर बंदी आहे त्या वस्तूने माणूस मेला, मग तो नुसता अकस्मात मृत्यू कसा? राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ ला अख्ख्या देशात नायलॉन आणि सिंथेटिक मांजावर पूर्ण बंदी घातली. बनवायचा नाही, विकायचा नाही, साठवायचा नाही, वापरायचा नाही. त्याला पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा आधार आहे. वर दरवर्षी डिसेंबर आला की आपल्याकडे मनाई आदेश निघतो, पेपरात छापून येतो, मोडला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. निष्काळजीपणाने कुणाचा जीव घेतला तर कलम १०६ आहे. ही कलमं मला आधी कुठं माहीत होती, या महिन्यात माझ्या एका वकील गिऱ्हाईकाने समजावून सांगितली. म्हणजे कायदा भरपूर आहे. अज्ञात व्यक्तीवर गुन्हा नोंदवता येतो, गाडीचोरीत आपण रोज नोंदवतोच की, चोर कोण ते माहीत नसतानाच नोंदवतो. एक गाडी चोरीला गेली तर गुन्हा आणि एक माणूस गेला तर नोंद, हे मला कुणीतरी समजावून सांगा. पूल कुठला, वेळ कुठली, वारा कुठल्या बाजूचा, आसपास कुठल्या गच्च्यांवर पतंग चालू होते, एवढं त्याच दिवशी संध्याकाळी चार घरांत जाऊन विचारलं असतं तरी काहीतरी कळलं असतं. पोरं सांगतात हो, कुणाकडे गट्टू, म्हणजे नायलॉन मांजाचं रीळ, आहे ते गल्लीतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं.

दुसरी तक्रार वेळेची. आमच्या धंद्यात पावसाळ्याचा माल, सीट कव्हर म्हणा, गाडी झाकायची कव्हरं म्हणा, होलसेलवाला एप्रिलमध्ये भरतो, जूनमध्ये शोधायला गेलात तर तो माल गावभर पोचलेला असतो. गट्टूचं तेच आहे. माल दिवाळीच्या आसपास येऊन पडतो, छोट्या छोट्या दुकानांत, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या बंद खोलीत वाटला जातो, आणि आपली पथकं डिसेंबर अर्धा झाल्यावर बाहेर पडतात. तोपर्यंत ज्याच्याकडे हजार गट्टू होते त्याच्याकडे एकही नसतो, आणि ज्यांच्याकडे पाच-पाच आहेत ते सापडतात. मग फोटो येतो, टेबलावर रचलेले रंगीत गट्टू, मागे उभे राहिलेले साहेब. कष्ट घेतात ते लोक, थंडीत रात्री-अपरात्री फिरतात, मला मान्य आहे, आपल्या नाशिकमध्ये तर मांजा विकणाऱ्यांवर तडीपारीपर्यंत कारवाई झालेली आपण पाहिलीय. पण त्या बातमीत हा माल कुठून आला हे कधीच नसतं. टपरीवाला सापडला, त्याला कुणी दिला? त्याने कुणाला फोनवर पैसे पाठवले? ट्रान्सपोर्टने आला असेल तर बिल्टी कुणाच्या नावाने फाटली, त्यावर माल काय लिहिला होता? ऑनलाइन मागवला असेल तर पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतोच. हे शोधणं अवघड आहे असं मला वाटत नाही, मी एखाद्या जुन्या गाडीचा स्पेअर पार्ट शोधायला निघालो तर चार फोनमध्ये राजकोट-लुधियानापर्यंत पोचतो, तुमच्या हातात तर सरकार आहे.

मी स्वतः बघितलेल्या एका गट्टूवर बारीक अक्षरात छापलेलं होतं की हा पतंगासाठी नाही. म्हणजे बनवणाऱ्याला पण माहीत आहे, विकणाऱ्याला पण माहीत आहे.

तिसरी तक्रार पुलांबद्दल आहे आणि ही मी जरा सविस्तर मांडणार आहे कारण दिवसभर मी टू-व्हीलरवाल्यांशीच बोलतो. कापलेला पतंग वाऱ्याबरोबर लांब जातो आणि मागे त्याचा दोरा तिरका होत होत खाली येतो. खालच्या रस्त्यावर तो झाडाला, वायरला, दुकानाच्या पत्र्याला अडकून थांबतो. पुलावर आणि उड्डाणपुलावर अडकायला काहीच नसतं, आणि तुम्ही गाडीवर बसून बाजूच्या इमारतींच्या गच्चीच्या उंचीवर असता. म्हणून दोरा सरळ माणसावर येतो. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये द्वारकेच्या उड्डाणपुलावर एक महिला अशीच गेली होती, सगळ्या नाशिकला आठवत असेल, त्यानंतर पण खूप आदेश निघाले होते. मुंबई-आग्रा हायवेचा आपला उड्डाणपूल गरवारे पॉइंटपासून के. के. वाघ कॉलेजपर्यंत शहराच्या मधून जातो, दोन्ही बाजूंना सिडको, इंदिरानगर, मुंबई नाका, द्वारका अशी दाट वस्ती आणि गच्च्याच गच्च्या. सुरतमध्ये संक्रांतीच्या दिवसांत उड्डाणपुलांवर टू-व्हीलरला बंदी करतात, पुलाच्या दिव्यांच्या खांबांमध्ये वरून आडव्या तारा बांधतात म्हणजे दोरा वरच अडकतो. नागपुरात संक्रांतीला उड्डाणपूल बंद ठेवतात. आपल्याला हे करायला काय अडचण आहे? खालून सर्व्हिस रोड आहे, दहा मिनिटं जास्त लागतील, लोक ओरडतील, ओरडू द्या.

गार्डचं पण तसंच. गुजरातमध्ये उत्तरायण जवळ आलं की हँडलवर आरशाच्या भोकात बसवायची तारेची कमान सर्रास मिळते, शे-दीडशे रुपयांची वस्तू आहे, दोरा गळ्यापर्यंत यायच्या आधी त्या तारेला लागतो आणि वर सरकून निघून जातो. शंभर टक्के खात्री नाही, बाजूने आलेला दोरा चुकवता येत नाही, पण समोरून आला तर जीव वाचतो. आपल्याकडे दहा गिऱ्हाइकांपैकी नऊ जणांनी ही वस्तू बघितलेली पण नाही. डिलिव्हरीची पोरं दिवसभर रस्त्यावर, त्यांना कंपनी टी-शर्ट देते, बॅग देते, ही तार देत नाही. माझ्याकडून मी एवढं करणार आहे की नोव्हेंबरपासून जो येईल त्याला खरेदी भावात बसवून देईन, मजुरी घेणार नाही, आणि आमच्या ग्रुपवरचे बरेच जण तयार आहेत. पण आम्ही किती गाड्यांना बसवणार? पासिंगला येणाऱ्या, सिग्नलवर थांबणाऱ्या, कंपन्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या असणाऱ्या गाड्यांपर्यंत तुम्हीच पोचू शकता. अंबड आणि सातपूर एमआयडीसीत शिफ्टला टू-व्हीलरवर येणारे हजारो कामगार आहेत, कंपन्यांना एक पत्र काढलं तरी निम्मं काम होईल.

चौथी गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो, ती म्हणजे नंतरचे कागद. आपल्या गाडीच्या इन्शुरन्समध्ये मालक-चालकाचा पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतो, पंधरा लाखांचा, खूप लोकांना तो आहे हेच माहीत नसतं, पॉलिसी म्हणजे पोलिसाला दाखवायचा कागद एवढंच माहीत असतं. भाऊंच्या पॉलिसीत तो होता, लायसन्स पण चालू होतं, मी डिकीतले कागद बघून वहिनींना सांगितलं. क्लेमला पंचनाम्याची कॉपी लागते, पोस्ट मॉर्टेम रिपोर्ट लागतो, नोंदीची कॉपी लागते. या तीन कागदांसाठी वहिनी पोरीला शेजारी ठेवून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतायत. एका ठिकाणी साहेब बंदोबस्तात, दुसऱ्या ठिकाणी अर्ज पुन्हा लिहून आणा, तिसऱ्या ठिकाणी नाव एका अक्षराने चुकलंय. नवरा गेलेल्या बाईला हे कागद घरपोच मिळाले पाहिजेत, मागायला लागू नयेत. कुठल्या कायद्याची गरज नाही त्याला, एका माणसाला हे काम नेमून दिलं की झालं.

आणि संक्रांत संपली की दोरा संपत नाही. आत्ता हे वाचताना तुमच्या ऑफिसच्या खिडकीतून बाहेर बघा, समोरच्या झाडावर नायलॉनचे झुपके लटकताना दिसतील. सुती दोरा पावसात कुजतो, हा वर्षानुवर्षं तसाच राहतो. घारी, बगळे, घुबडं, वटवाघळं त्यात अडकून पंख कापून घेतात, उलटी लटकून दोन-दोन दिवसांनी मरतात. आपल्या जिल्ह्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, आपण अभिमानाने सांगतो, आणि लांबून आलेले पक्षी आपल्याकडे असतात नेमके याच थंडीच्या महिन्यांत. फेब्रुवारीत झाडांवरचा, पुलांवरचा, खांबांवरचा मांजा उतरवायची मोहीम का नसते? पक्षिमित्रांची चार पोरं स्वतःच्या बांबूने काढत फिरतात, तुमच्याकडे शिडीच्या गाड्या आहेत, दिवे दुरुस्त करायला त्या रोज फिरतात, त्यांनीच खांबापाशी थांबून काढला तर होईल की.

आता हे वाचून कुणीतरी म्हणणारच की तुम्ही सणाच्या विरोधात आहात. माझं आजोळ येवल्याचं आहे. ज्याने येवल्याची भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस बघितलेत त्याला पतंगाचं वेड काय असतं ते सांगावं लागत नाही. म्हातारी माणसं, बायका, सुना सगळे गच्चीवर, खाली हलकडी वाजतेय, पतंग कापला की वकाट म्हणून अख्खी गल्ली ओरडतेय. माझे मामा मांजा घरी करायचे, सुती दोरा, सरस, काचेची भुकटी आणि रंग, दोन खांबांमध्ये दोरा ताणून हाताला चिंध्या बांधून तो सुतायचा, वाळला की आसारीवर, म्हणजे दोरा गुंडाळायच्या फिरकीवर, घ्यायचा. आसारी धरायला मिळणं हा आमच्यासाठी मान होता. त्या मांजाने बोटं कापायची, रस्त्यावरच्या माणसाला पण लागू शकायचा, त्यालाही मी निर्दोष म्हणत नाही. पण तो जोर लागला की तुटायचा. सुताचा असल्यामुळे नायलॉनपेक्षा तो कमजोर असायचा, आणि फरक सगळा तिथंच आहे. पेच लावायचा, ढील कधी द्यायची, खेच कधी मारायची यात कसब होतं. नायलॉनने ते पण गेलं, जो ओढत राहील तो जिंकतो. सण वाचवायचा असेल तर पतंगवाल्यांनीच आधी हा दोरा गच्चीवरून खाली फेकायला पाहिजे, येवल्याच्या लोकांनी तर सगळ्यात आधी.

म्हणून आता आईबापांशी दोन शब्द बोलतो, तुम्हाला वेगळं पत्र लिहीत नाही. गट्टू पोरगं स्वतःच्या पैशाने आणत नाही, पैसे तुम्ही देता, काय आणलं ते बघत नाही. दोरा हातात घेऊन दोन्ही हातांनी जोर लावून तोडून बघा. तुटत नसेल, ताणून लांब होत असेल, टोक पेटवल्यावर वितळून त्याची गोळी होत असेल तर तो नायलॉन आहे, एवढी साधी परीक्षा आहे. तुम्ही पण संध्याकाळी कामावरून टू-व्हीलरवरच येणार आहात. आणि सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरींना पण सांगतो, गच्चीची किल्ली तुमच्याकडे असते, पार्टीसाठी गच्ची द्यायला तुम्ही डिपॉझिट घेता, नियमांचा बोर्ड लावता, मग संक्रांतीला किल्ली देताना पोरांच्या हातातला दोरा एकदा बघायला किती वेळ लागतो?

साहेब, माझ्या मागण्या सरळ आहेत.

या मृत्यूचा तपास पुन्हा सुरू करा, अज्ञात व्यक्तीवर गुन्हा नोंदवा, माझ्याकडचा दोरा रीतसर पंचांसमोर ताब्यात घ्या. मी जबाब द्यायला तयार आहे, बोलवाल तेव्हा गॅरेज बंद करून येईन. आणि यापुढे मांजाने कुणी मेला किंवा जखमी झाला तर दोरा जप्त करणं आणि आजूबाजूच्या गच्च्यांची त्याच दिवशी चौकशी करणं सक्तीचं करा.

पथकं सप्टेंबरपासून नेमा, डिसेंबरपासून नको. गोडाऊन, ट्रान्सपोर्ट, पार्सलची ऑफिसं इथून सुरुवात करा. प्रत्येक जप्तीनंतर माल कुणाकडून आला आणि त्याच्यावर काय कारवाई झाली हे जाहीर करा, नुसता गट्टूंचा आकडा आम्हाला नको. मागच्या वर्षांत ज्यांना पकडलं त्यांच्या केसचं पुढं काय झालं, किती जणांना शिक्षा झाली, ते पण सांगा.

भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवशी उड्डाणपूल टू-व्हीलरला बंद ठेवा, आणि गोदावरीवरचे जे पूल बंद करता येत नाहीत तिथं खांबांना तारा बांधा. सिंहस्थासाठी एवढी कामं चालू आहेत, रोज कुठं ना कुठं रस्ता खोदलेला आहे, त्यात ही तार बसू शकते.

गार्ड शहरभर मिळेल आणि लोकांना माहीत होईल अशी व्यवस्था नोव्हेंबरच्या आत करा, डिलिव्हरी कंपन्यांना आणि एमआयडीसीतल्या कारखान्यांना तसं लेखी कळवा.

लटकलेला मांजा उतरवायचं काम याच महिन्यात सुरू करा.

आणि सगळ्यात आधी, बाकी सगळं नंतर केलंत तरी चालेल, त्या बाईंचे तीन कागद द्या. त्यांचं नाव मी इथं दिलेलं नाही पण तुमच्याकडे ते आहे, यंदाच्या नोंदींमध्ये शोधायला पाच मिनिटं लागणार नाहीत. क्लेम कळवायला आणि कागद जोडायला मुदत असते आणि ती चालू आहे.

या पत्राची सही केलेली प्रत मी तुमच्या कार्यालयांच्या आवक विभागात देऊन पोच घेतलेली आहे, त्यावर माझा पत्ता आणि फोन नंबर आहे. उत्तर लेखी द्या. जे करणार नसाल ते का करणार नाही हे पण लेखी द्या, म्हणजे गिऱ्हाइकांनी विचारलं तर मला दाखवता येईल.

आपला,
सातपूरचा एक टू-व्हीलर मेकॅनिक